सुफळ संपूर्ण झालेली कहाणी

भातुकली मांडण्याचा जसा एक शिरस्ता असे, तसा ती आवरण्याचाही असे. दिवेलागणीची वेळ होई, ओसरीवरून आजीची हाक येई आणि चूल-बोळकी टोपलीत जाऊन बसत. बाहुला-बाहुलीचे लग्न लागलेले असो वा वरात अर्ध्या वाटेवर असो, खेळ थांबे. त्याबद्दल कोणी फार वेळ रडत बसत नसे. खेळ संपतो ही गोष्ट खेळाच्याच नियमांत बसलेली होती. श्रावणातल्या कहाण्यांचेही तसेच. कहाणी सुफळ संपूर्ण झाली की हातातल्या अक्षता वाहून ऐकणाऱ्यांनी उठावयाचे. पुढे त्या राजाचे आणि त्याच्या नावडत्या राणीचे काय झाले, हे विचारण्याची रीत नाही. कहाणीला जे सांगावयाचे होते ते सांगून झालेले असते.

शेवटाविषयीची ही जाण बालमनोरंजनाच्या आजच्या व्यवसायातून नाहीशी होत चालली आहे. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे खेळण्यांच्याच संसारावर बेतलेली 'टॉय स्टोरी' ही अमेरिकी ॲनिमेशनपटांची मालिका. १९९५, १९९९, २०१० आणि २०१९ असे तिचे चार भाग आले. चारही भागांना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतले. फेब्रुवारी २०२३ मध्ये डिस्ने कंपनीचे तत्कालीन प्रमुख बॉब आयगर यांनी पाचव्या भागाची घोषणा केली आणि त्याच्या प्रदर्शनासाठी पुढे १९ जून २०२६ हा दिवस जाहीर झाला. हा पाचवा भाग कसा वठला, याचा निवाडा समीक्षकांनी करावा. त्याआधीचा प्रश्न निराळा आहे. त्याची गरज होती काय? आणि गरज असलीच तर ती कोणाची: कथेची, मुलांची की हिशेबाच्या वहीची?

पहिल्या कथेचे बळ

१९८६ साली जॉर्ज लुकास यांच्या कंपनीतील संगणक विभाग स्टीव्ह जॉब्स यांनी विकत घेतला आणि त्यातून 'पिक्सार' ही स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिने जॉन लॅसेटर यांच्या दिग्दर्शनाखाली तयार केलेला 'टॉय स्टोरी' २२ नोव्हेंबर १९९५ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. पूर्णपणे संगणकावर घडविलेला तो जगातील पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ८१ मिनिटांच्या त्या चित्रपटाने ॲनिमेशनच्या कलेची दिशा बदलली आणि एका आठवड्यातच पिक्सारचे समभाग बाजारात आले.

तथापि, तंत्र नवे होते म्हणून तो टिकला, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. त्या काळचे संगणकीय चित्रण आज ओबडधोबड वाटते. माणसांचे चेहरे तर प्लॅस्टिकचेच दिसतात. टिकली ती कथा. अँडी नावाच्या मुलाचा लाडका कापडी गुराखी वुडी आणि वाढदिवसाला घरात आलेला, स्वतःला खरोखरीचा अंतराळवीर समजणारा बझ लाइटइयर. एकाचे स्थान डळमळते म्हणून त्याला मत्सर ग्रासतो. दुसऱ्याला आपण केवळ एक खेळणे आहोत हे कळते तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकते. धाकटे भावंड घरात आल्यावर थोरल्याच्या मनात जे काहूर उठते, ते ज्या आईने पाहिले आहे तिला ही कथा समजावून सांगावी लागत नाही. आपले मोठेपण कशात आहे, या प्रश्नाला कथेने दिलेले उत्तर साधे होते: ज्याच्यासाठी आपण आहोत, त्याच्या उपयोगी पडण्यात.

हे उत्तरही सहजासहजी हाती लागले नव्हते. नोव्हेंबर १९९३ मध्ये चित्रपटाचा कच्चा आराखडा डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखविण्यात आला, तेव्हा वुडी इतका तुसडा आणि दुष्ट उतरला होता की काम थांबविण्याची पाळी आली. लेखकांनी पटकथा नव्याने बांधली आणि मगच गाडी रुळावर आली. कथा नीट नसेल तर थांबावे, ही शिस्त पिक्सारने आपल्या पहिल्याच चित्रपटात पाळली. पुढील भागांचा विचार करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

काचेच्या कपाटाचा मोह

पुढचा भाग काढणे म्हणजे नेहमीच कथेशी प्रतारणा करणे, असा सरसकट निवाडा देता येणार नाही. 'टॉय स्टोरी'चा दुसरा भाग हाच त्याविरुद्धचा पुरावा. तो आरंभी चित्रपटगृहांसाठी नव्हताच. घरोघरच्या व्हिडिओ कॅसेटसाठी स्वस्तात उरकावयाचे काम म्हणून त्याची योजना झाली होती. पुढे तो मोठ्या पडद्यावर आणण्याचे ठरले. परंतु झालेले काम पाहून लॅसेटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे समाधान होईना. प्रदर्शनाची तारीख हलविता येत नव्हती. शेवटी सुमारे नऊ महिन्यांत कथेसकट जवळजवळ सारा चित्रपट नव्याने घडविण्यात आला.

त्याची किंमत माणसांनी मोजली. पिक्सारचे एक संस्थापक एड कॅटमल यांनी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात ती प्रांजळपणे नोंदविली आहे. काम संपेतो एक तृतीयांश कर्मचाऱ्यांचे हात, मनगटे अतिश्रमाने दुखावली होती. थकून गेलेला एक कलाकार आपल्या तान्ह्या मुलाला पाळणाघरात सोडावयाचे विसरून थेट कचेरीत गेला आणि मूल तापलेल्या गाडीत राहिले. पत्नीने सहज चौकशी केली म्हणून ते ध्यानी आले. मूल बेशुद्धावस्थेत सापडले आणि दैव बलवत्तर म्हणून वाचले. मुलांच्या आनंदासाठी घडणाऱ्या कलाकृतीपायी एका मुलाचा जीव जाता जाता राहिला. पुढील भागाच्या घोषणेमागे किती जणांची घरे ताणली जातात, याचा अंदाज टाळ्या वाजविणाऱ्या प्रेक्षकाला नसतो.

असे असूनही तो दुसरा भाग सार्थ ठरला, कारण त्याच्यापाशी विचारण्याजोगा नवा प्रश्न होता. वुडी ही एका जुन्या दूरचित्रवाणी मालिकेतील दुर्मिळ बाहुली आहे असे कळते. एक खेळणेविक्रेता तिला चोरतो आणि जपानमधील संग्रहालयाला विकावयास निघतो. तेथे काचेच्या कपाटात वुडी कायमचा सुरक्षित राहणार. ना हात तुटणार, ना रंग उडणार. उलटपक्षी अँडीकडे परत गेला तर काही वर्षांत तो मुलगा मोठा होणार आणि वुडीला विसरणार. एमिली नावाच्या मालकिणीने मोठी होताच टाकून दिलेली जेसी ही त्याला तेच सांगते. निर्णय वुडीने घ्यावयाचा आहे. काचेआडचे अमरत्व की संपणार हे ठाऊक असलेले प्रेम? वुडी दुसरा पर्याय निवडतो. मुलाचे मोठे होणे थोपविता येत नाही. परंतु ते घडत असताना त्याच्याजवळ असणे हेच भाग्य, असा तो कौल आहे. लहान मुलांच्या चित्रपटात नश्वरतेचा इतका प्रगल्भ स्वीकार क्वचितच आढळतो.

दान आणि निरोप

तिसऱ्या भागाची कथा पडद्यामागेही उद्बोधक आहे. मधल्या काळात डिस्ने आणि पिक्सार यांचे बिनसले. पुढील भाग काढण्याचे अधिकार करारानुसार डिस्नेकडे होते. तेव्हा मूळ निर्मात्यांना वगळून डिस्नेने 'सर्कल सेव्हन' नावाचा वेगळा स्टुडिओ थाटला आणि त्याच्याकडे तिसरा भाग सोपविला. बिघडलेला बझ दुरुस्तीसाठी तैवानमधील कारखान्यात पाठविला जातो, असे काहीसे कथानकही तयार झाले. २००६ मध्ये डिस्नेने पिक्सार ७४० कोटी डॉलरना विकत घेतली, 'सर्कल सेव्हन' बंद झाला आणि ते कथानक बासनात गेले. पात्रे तीच, नाव तेच, परंतु सांगण्यासारखे काही नाही, असा एक भाग जन्मण्यापूर्वीच टळला.

त्यानंतर ली अन्क्रिच यांनी दिग्दर्शित केलेला, मायकेल आर्न्ट यांनी लिहिलेला तिसरा भाग जून २०१० मध्ये आला. मधल्या अकरा वर्षांत प्रेक्षक मोठे झाले होते, म्हणून अँडीही मोठा झाला. पहिल्या भागात बालवयात अँडीला आवाज देणारा जॉन मॉरिस हाच तिसऱ्या भागातील सतरा वर्षांच्या अँडीसाठी पुन्हा उभा राहिला. अँडी आता महाविद्यालयासाठी घर सोडणार आहे. चुकून खेळणी एका पाळणाघरात पोहोचतात. तेथे लॉट्सो नावाच्या अस्वलाची हुकमत असते. मालकिणीकडून वाटेत हरवल्यानंतर तो मोठ्या कष्टाने घरी परततो, तर तिथे आपल्याजागी दुसरे अस्वल आलेले त्याला दिसते. तो घाव त्याला पचत नाही आणि तो क्रूर होतो. शेवट न स्वीकारणाऱ्याचे काय होते, हे त्या पात्राने दाखविले आहे.

आणि मग अखेरचा प्रसंग. रिकाम्या झालेल्या खोलीत पाऊल टाकताच आईचा चेहरा उतरतो. घर सोडण्यापूर्वी अँडी खोके घेऊन बॉनी नावाच्या लहान मुलीकडे जातो, एकेका खेळण्याची ओळख करून देतो, वुडीला सांभाळ म्हणून बजावतो, तिच्याबरोबर अखेरचा डाव खेळतो आणि निघून जातो. ज्या मराठी घरातून मुलगा वा मुलगी शिक्षणासाठी पुण्याला, बंगळूरुला किंवा थेट अमेरिकेला गेली आहे, त्या घरातील माता-पित्यांना त्या रिकाम्या खोलीचा अर्थ वेगळा सांगावयास नको. ममत्व असलेली वस्तू अडगळीत कुजू न देता योग्य हाती सोपविणे, याला दान म्हणतात. आणि दिल्यानंतर मागे वळून न पाहणे, हा त्या दानाचाच भाग असतो. गृहस्थाश्रमातून वानप्रस्थाकडे वळणाऱ्याने चाव्या सुनेच्या हाती द्याव्यात आणि हिशेब विचारू नये, हे ज्या संस्कृतीत सांगितले गेले, तिला हा शेवट परका वाटू नये.

प्रेक्षकांनीही त्याला भरभरून दाद दिली. १०० कोटी डॉलरच्या वर उत्पन्न मिळविणारा तो पहिला ॲनिमेशनपट ठरला. सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर त्याला मिळाले आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या मुख्य स्पर्धेतही नामांकन लाभले. पंधरा वर्षांची कहाणी खऱ्या अर्थाने सुफळ संपूर्ण झाली.

मिटलेले पान

झाली, असे प्रेक्षकांना वाटले. २०१९ मध्ये चौथा भाग आला. तो वाईट होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. चित्रण अप्रतिम होते. कचऱ्यातल्या काटा-चमच्यापासून बॉनीने बनविलेला फोर्की आणि आपण कचरा आहोत की खेळणे हा त्याचा संभ्रम, ही कल्पना पहिल्या भागाच्या तोलाची होती. त्याच्याही उत्पन्नाने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि त्यालाही ऑस्कर मिळाले.

परंतु त्याने तिसऱ्या भागाचे काय केले, हे पाहिले पाहिजे. अँडीने ज्या वुडीला बॉनीच्या हाती विश्वासाने सोपविले, त्याला चौथ्या भागात बॉनी कपाटात ठेवून विसरते. त्याचा शेरीफचा बिल्लाही काढून जेसीला लावते. अखेरीस वुडी बॉनीला आणि आपल्या सर्व सोबत्यांना सोडून बो पीपबरोबर निघून जातो. व्यक्तिस्वातंत्र्याच्या दृष्टीने हा शेवट आकर्षक वाटेल. पण ज्या पात्राची सारी ओळख कर्तव्यनिष्ठेवर उभी होती, त्याला कर्तव्यातून मोकळे करण्यासाठी आधी त्याची उपेक्षा रंगवावी लागली. अँडीचे दान अपात्री ठरवावे लागले. दारापुढे बसून खेळणाऱ्या त्या दोघांचे चित्र आता पूर्वीइतके निर्मळ राहत नाही. पुढे काय होणार हे ठाऊक झालेले असते. अनावश्यक पुढच्या भागाचे खरे नुकसान येथे आहे. फसलेला भाग विसरता येतो. मागच्या पूर्ण झालेल्या भागाचा अर्थ बदलून टाकणारा भाग विसरता येत नाही.

शेवट नाकारण्याचा हा हट्ट किती दूर जातो, याचे आणखी एक उदाहरण त्याच चित्रपटात आहे. 'मिस्टर पोटॅटो हेड' या पात्राला आवाज देणारे डॉन रिकल्स २०१७ मध्ये निवर्तले. चौथ्या भागासाठी त्यांचे ध्वनिमुद्रण व्हावयाचे होते. तेव्हा त्यांच्या कुटुंबीयांच्या संमतीने जुन्या ध्वनिमुद्रणांतील तुकडे जुळवून ते पात्र बोलते करण्यात आले. त्यामागची आदरभावना खरी असेल. तरीही माणूस गेला आणि पात्राला मात्र निवृत्ती नाही, हे चित्र मन अस्वस्थ करणारे आहे.

हिशेबाची वही

मग पाचव्या भागाचा घाट कशासाठी? याचे उत्तर आकड्यांत सापडते. २०२० ते २०२२ या काळात पिक्सारचे 'सोल', 'लूका' आणि 'टर्निंग रेड' हे तीन नवे, स्वतंत्र कथांचे चित्रपट चित्रपटगृहांऐवजी बहुतेक ठिकाणी घरबसल्या पाहण्याच्या सेवेवर आले. २०२२ मध्ये बझच्या नावाची पुण्याई वापरून काढलेला 'लाइटइयर' सुमारे २० कोटी डॉलरच्या खर्चापुढे जेमतेम २२ कोटींच्या आसपास पोहोचला आणि तोट्यात गेला. त्यानंतर २०२४ मध्ये 'इनसाइड आऊट'चा दुसरा भाग आला आणि त्याने सुमारे १७० कोटी डॉलर मिळविले. २०२५ मध्ये 'एलियो' हा अगदी नव्या कथेचा चित्रपट आला, तर त्याची सुरुवात पिक्सारच्या इतिहासातील सर्वांत थंड ठरली. अशा स्थितीत भागधारकांना उत्तर देणाऱ्या व्यवस्थापकाने वुडीला पुन्हा बोलावले, तर त्यात आश्चर्य कसले?

व्यवसायाच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो आणि तो ऐकून घेतला पाहिजे. लोकप्रिय पात्रांच्या पुढील भागांतून पैसा मिळतो, म्हणून नव्या कथांचा धोका पत्करता येतो, असे म्हटले जाते. एकेकाळी हे बऱ्याच अंशी खरे होते. 'टॉय स्टोरी' आणि तिच्या भागांच्या यशावर उभ्या राहिलेल्या संस्थेनेच 'अप', 'कोको' यांसारख्या सुंदर नव्या कथा दिल्या. परंतु दुकानाच्या दर्शनी भागात सदैव जुनाच माल मांडला तर गिऱ्हाईकाची नजरही त्यालाच सरावते. मग नवा माल खपत नाही म्हणून जुना काढावा लागतो आणि जुना काढला म्हणून नव्याकडे कोणी फिरकत नाही. बियाणेच खाऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याला पुढच्या हंगामात काय पेरावे हा प्रश्न पडतो, तसे हे आहे.

विषय मोलाचा, पात्रे परकी

पाचव्या भागाच्या बाजूने आणखी एक, अधिक वजनदार मुद्दा आहे. अँड्र्यू स्टँटन यांच्याकडे दिग्दर्शन सोपविलेल्या या चित्रपटाचा जाहीर झालेला विषय खेळणी विरुद्ध यंत्रे असा आहे. बॉनीच्या हाती 'लिलीपॅड' नावाचा टॅब्लेट येतो आणि खेळण्यांपुढे संकट उभे राहते. विषय निःसंशय महत्त्वाचा आहे. जेवताना मोबाइल समोर धरल्याखेरीज घास न घेणारी मुले आज घरोघर आहेत. अंगण गेले, भातुकली गेली, आता हातातली बाहुलीही चालली, ही वेदना खरी आहे. असा विषय मोठ्या पडद्यावर येत असेल तर त्याचे स्वागतच व्हावयास हवे.

परंतु विषय मोलाचा आहे म्हणून तो याच पात्रांच्या खांद्यावर का द्यावा? ज्या वुडीने चौथ्या भागात सर्वांचा निरोप घेतला, त्याला परत आणावयाचे तर तो निरोप खोटा ठरतो. तिसऱ्या भागाचा शेवट चौथ्याने पुसला, चौथ्याचा पाचवा पुसणार. पडद्याच्या व्यसनावर कथा सांगावयाची असेल तर आजचे घर, आजचे मूल आणि त्याची आजची खेळणी घेऊन ती नव्याने सांगता येते. तसे करण्याचे सामर्थ्य पिक्सारजवळ आहे. १९९५ मध्ये वुडीही नवाच होता.

यातील विसंगतीही नजरेआड करता येत नाही. ज्या टॅब्लेटविरुद्ध ही खेळणी उभी राहणार, त्याच टॅब्लेटवर डिस्नेची नोव्हेंबर २०१९ पासून सुरू झालेली सेवा चालते आणि हे सारे चित्रपट तिच्यावर दिवसभर पाहता येतात. शिवाय मुलाच्या हातात ते यंत्र आपोआप येत नाही. कामाच्या धबडग्यात घटकाभर शांतता मिळावी म्हणून घरातील मोठी माणसेच ते देतात. खलनायक टॅब्लेट ठरला की मोठ्यांची सुटका होते. ही सुटका कोणत्याच चित्रपटाने करू नये.

जपानमधील एक वस्तुपाठ

लोकप्रिय पात्राचा मान राखून थांबता येते, याचे उदाहरण दूर नाही. जपानचे श्रेष्ठ ॲनिमेशनकार हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर तोतोरो' १९८८ मध्ये आला. आजारी आईपासून दूर राहणाऱ्या दोन बहिणी आणि त्यांना झाडीत भेटणारा तोतोरो हा प्रचंड, मऊ प्राणी. तोतोरो पुढे जपानी बालपणाचे प्रतीक बनला, घिबली स्टुडिओचे बोधचिन्हही बनला. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या भागाला जगभर प्रेक्षक मिळाले असते. मियाझाकींनी मोठ्या पडद्यासाठी एकही काढला नाही. २००२ मध्ये त्यांनी धाकट्या मेईवर जेमतेम पाव तासाचा एक लघुपट केला आणि तोही टोकियोजवळच्या मिताका येथील घिबली संग्रहालयासाठी बनविलेला होता. तोतोरोची खेळणी घिबलीही विकते. धंद्याचे सोवळे तेथेही नाही. मात्र कथेला हात लावलेला नाही. तीन दशके उलटून गेली तरी लहान मूल तोच चित्रपट पाहते आणि पुढे काय झाले हे आपल्या मनात रचते.

गंमत अशी की 'टॉय स्टोरी'च्या तिसऱ्या भागात बॉनीच्या खेळण्यांमध्ये पिक्सारच्या कलाकारांनी आदराने एक तोतोरो ठेवला आहे. मियाझाकींविषयीचा आदर पिक्सारने पूर्वीही प्रकट केलेला आहे. त्यांच्याकडून थांबण्याची कलाही उचलली असती तर तो आदर पूर्ण झाला असता.

पालकांच्या हाती

सारा दोष अमेरिकेतील एका कंपनीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक ठरणार नाही. कंपनी तिकीटविक्री पाहते आणि तिकिटे प्रेक्षक काढतो. सुट्टीत मुलांना चित्रपटाला न्यावयाचे ठरले की ओळखीचे नाव पाहून पैसे खर्च केले जातात. नव्या कथेच्या वाट्याला 'नंतर घरी पाहू' एवढेच येते. 'एलियो'ची खुर्ची रिकामी ठेवणारे आणि पाचव्या भागासाठी रांग लावणारे हात एकच असतील, तर सहाव्याची घोषणा व्हावयास कितीसा वेळ लागणार?

येथे लहान मुलांचा दाखला दिला जातो. नव्या पिढीला आपला वुडी नको काय, असे विचारले जाते. मूल प्रत्यक्षात काय मागते, ते आजीला विचारावे. रात्री अंथरुणावर पडलेले नातवंड कालचीच गोष्ट पुन्हा मागते. आजीने एखादा शब्द बदलला तर ते तिला अडविते, 'असं नव्हतं गं आजी' म्हणून दुरुस्तही करते. त्याला तीच गोष्ट हवी असते, तिच्या ठरलेल्या शेवटासकट. कारण त्या शेवटात सुरक्षितता असते आणि तो आला की डोळे मिटता येतात. पुढचा भाग ही मोठ्यांनी लावलेली गरज आहे. १९९५ चा वुडी आजच्या सहा वर्षांच्या मुलासाठी आजही नवाच आहे. त्याने तो पहिल्यांदा पाहावयाचा आहे.

कथेचा शेवट ऐकणे हे मुलाच्या जडणघडणीतील एक महत्त्वाचे शिक्षण असते. खेळ संपतो, मित्र गाव सोडून जातो, आजोबा एके दिवशी अंगणातल्या खुर्चीत दिसत नाहीत. आयुष्यात या गोष्टी टळत नाहीत. त्यांची पहिली, सोसवेल अशी ओळख गोष्टींतून होते. प्रत्येक निरोपानंतर कोणी तरी पडद्यावर येऊन 'अजून बाकी आहे' असेच सांगत राहिले, तर निरोप घ्यावयाचा कसा हे त्या मुलाने शिकावे कोठे? 'टॉय स्टोरी'च्या दुसऱ्या भागाने काचेचे कपाट नाकारून आणि तिसऱ्या भागाने अँडीला रिकाम्या हाताने घराबाहेर काढून हेच शिक्षण दिले होते. आज त्याच वुडीला त्याच्या निर्मात्यांनी काचेच्या कपाटात उभे केले आहे. तेथे रंग उडत नाही, वय वाढत नाही आणि दर काही वर्षांनी तिकीट लावून दर्शन घडविले जाते. वुडीने स्वतः जे नाकारले, तेच त्याच्या नशिबी आले.

म्हणून, पुढच्या भागाची गरज आहे काय, या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. कथेला ती नाही. तिचे म्हणणे २०१० मध्येच पूर्ण झाले. मुलांनाही ती नाही. ज्यांना ती आहे त्यांची अडचण खरी असेल, पण ती अडचण म्हणजे कथा नव्हे. सुज्ञ पालकांनी आपल्यापुरते एवढे अवश्य करावे. एखाद्या रविवारी मुलांबरोबर बसून पहिले तीन भाग क्रमाने पाहावेत. तिसऱ्याचा शेवट झाला की पडदा बंद करावा आणि मुले काय विचारतात ते ऐकावे. नंतर माळ्यावरचे खोके खाली काढावे, त्यातील जी खेळणी मुलांनी वर्षानुवर्षे हाताळलेली नाहीत ती त्यांच्याच हातांनी पुसून घ्यावीत आणि शेजारच्या, कामावरच्या बाईंच्या वा गावाकडच्या एखाद्या लहानग्याकडे मुलांनीच नेऊन द्यावीत. प्रत्येकाचे नाव सांगून, नीट ओळख करून द्यावीत. परत येताना मुलाचा चेहरा थोडा उतरलेला असेल. त्याला लगेच काही नवे घेऊन देण्याची घाई करू नये.